मदत हवी आहे: साधारण माणूस आणि मोठा माणूस, फरक नेमका कशात?

मंडळी, नमस्कार. पुतणी दहावीत आहे. परवा नागपुरात फुटाळा तलावावर फिरताना तिने विचारलं, "काका, हुशार तर पुष्कळ जण असतात. मग बाबा आमटेच एवढे मोठे कसे झाले?" मला धड सांगता आलं नाही.

बाबा श्रीमंत घरचे, वकिली नागपुरातच शिकले. रस्त्याच्या कडेला कुष्ठरोगी तुळशीराम दिसला तेव्हा ते घाबरून पळाले होते. मग त्या भीतीचीच लाज वाटली, परत फिरले, त्याची सेवा केली. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती उभी केली, पुढे वरोऱ्याजवळ आनंदवन. मला तर ते परत फिरणंच सगळ्यात मोठं वाटतं.

दुसरं आठवतं ते नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या शिंपीकाकांचं. शर्टाची कॉलर सूतभर वाकडी बसली होती. म्हटलं, राहू द्या, कोणाला दिसते? त्यांनी अख्खी कॉलर उसवली. म्हणाले, "मला दिसते ना जी."

या दोन्हीत एकच धागा आहे का? तुमच्या पाहण्यात असं कोणी असेल तर त्यांनी नेमकं काय केलं ते लिहा. मेहनत, जिद्द असे नुसते शब्द तिला पटत नाहीत, प्रसंग हवेत. रविवारी ती परत विचारणार आहे.