ग्रान कनारियाचा निळा चॅफिंच: प्रजाती की उपप्रजाती?

नाचण: जुन्या पुस्तकांत निळा चॅफिंच हा छोटा गाणारा पक्षी म्हणजे एकच प्रजाती, कॅनरी बेटांपैकी टेनेरीफ आणि ग्रान कनारिया या दोन्ही बेटांवरची. नव्या याद्यांत मात्र दोन: फ्रिंजिला टेडिया (टेनेरीफ) आणि फ्रिंजिला पोलात्झेकी (ग्रान कनारिया). दोन्हींचे नर निळसर, दोन्ही कॅनरी पाइनच्या जंगलातले. मग वेगळे कशावरून ठरवले? मध्ये समुद्र असताना संकर होतो की नाही हे तर तपासताच येत नाही.

शिंपी: खरी अडचण तीच आहे. एकाच रानात राहणारे पक्षी आपसात जोडी जमवतात की नाही, हे दिसतं. बेटांवर ती सोय नाही, म्हणून फरक मोजावे लागतात.

टेनेरीफच्या पक्ष्याचं नाव १८४१ मधलं. ग्रान कनारियाच्या पक्ष्याला पक्षीशास्त्रज्ञ हार्टर्ट यांनी १९०५ मध्ये उपप्रजाती म्हणून नाव दिलं. २०१५-१६ च्या सुमारास पिसारा, मापं, गाणं, हाका आणि मायटोकॉन्ड्रियल डीएनए (पेशीतल्या केंद्रकाबाहेरचा डीएनए) एकत्र तपासले गेले आणि सगळ्यांचा कौल एकाच बाजूने पडला. ग्रान कनारियाचा नर लहान, निळा कमी आणि राखाडी जास्त, पंखांवरचे दोन पट्टे पांढरट आणि ठळक. टेनेरीफचा गडद निळा, त्याचे पट्टे निळसर राखाडी आणि पुसट. पोलात्झेकी हे नाव आधीपासून होतंच, त्यामुळे प्रजातीचा दर्जा देताना नवं नाव लागलं नाही.

नाचण: पण "फरक पुरेसा" हे कोण ठरवतं? आकड्यात काही आहे का?

सुगरण: आहे. २०१० मध्ये मांडलेली गुणपद्धत बर्डलाइफ ही पक्षीसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संस्था वापरते. किरकोळ फरकाला १ गुण, मध्यमला २, मोठ्याला ३, असाधारणला ४. बेरीज ७ झाली की प्रजाती. पिसाऱ्याची जास्तीत जास्त तीन लक्षणं, मापांची दोन, आवाजाची दोन आणि वर्तन किंवा अधिवासाचं एक एवढीच धरायची. नाहीतर पंख, शेपूट, पाय असं एकाच लहान आकाराचं माप पाच वेळा मोजून कोणीही ७ गाठेल.

मापांसाठी दोन सरासरींतला फरक भागिले प्रमाण विचलन, म्हणजे मापं सरासरीभोवती किती पसरली आहेत ते. समजा पंखात ६ मिमी फरक आणि विचलन २ मिमी, तर उत्तर ३. २ ते ५ मध्यम, म्हणजे २ गुण. ५ ते १० मोठा, १० च्या वर असाधारण. दोन रूपांचे प्रदेश एकमेकांना भिडत असतील तर त्याचेही गुण मिळतात, पण समुद्राने वेगळ्या केलेल्या बेटांना तिथे शून्य. ही ७ ची रेघ माणसाने आखलेली आहे. ६ आले म्हणून प्रश्न मिटला असं मी मानत नाही.

शिंपी: गुणांपेक्षा चुका नमुन्यांत जास्त होतात. संग्रहालयात जपलेल्या पक्ष्यांच्या जुन्या कातड्यांचे रंग बदलतात, म्हणून १९०५ चा नमुना आणि ताजा पक्षी शेजारी ठेवून निळेपणा ठरवू नये. नराची तुलना नराशीच, तीही एकाच हंगामातल्या: पिसं झिजली की पंख आखूड मोजला जातो. पंख चपटा दाबून मोजला की नैसर्गिक बाकासह, हे नोंदवलंच पाहिजे. दोन माणसांची मापं मिसळली तर कधी कधी माणसांमधलाच फरक छापला जातो.

गाण्याबाबत तर फारच जपून. चॅफिंचची पिल्लं गाणं ऐकून शिकतात, म्हणजे दोन दऱ्यांतही बोली बदलू शकते. एका नराची वीस गाणी म्हणजे वीस नोंदी नव्हेत. आधी प्रत्येक नराची सरासरी काढायची, मग बेटांची तुलना. आणि मायटोकॉन्ड्रियल डीएनए फक्त आईकडून येतो, त्याच्या जोडीला केंद्रकातली जनुकं हवीतच.

सुगरण: उलट उदाहरण हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाचं. तिथला राखी चष्मेवाला हा छोटा पक्षी, ज्याच्या डोळ्याभोवती पांढरी कडी नाही, सुमारे २,५०० चौरस किमीच्या एका बेटावर वेगवेगळ्या रंगरूपांत राहतो. डोंगरावर राखी आणि तपकिरी एकत्र, खाली रूपांचे प्रदेश वेगळे. पण जिथे प्रदेश भिडतात तिथे संकर होतो, म्हणून ती एकच प्रजाती.

नाचण: मग माझ्या जुन्या नोंदींचं काय करू? फक्त "निळा चॅफिंच" लिहिलेलं आहे.

शिंपी: बेट पाहा, तेवढं पुरे. टेनेरीफ असेल तर टेडिया, ग्रान कनारिया असेल तर पोलात्झेकी. बेटच लिहिलेलं नसेल तर नोंद दोन्हींपैकी एकात ढकलू नका, "टेडिया किंवा पोलात्झेकी" अशी ठेवा. ग्रान कनारियाची नोंद असल्यास जंगलाचं नाव आणि तारीख जरूर भरा. त्याचा मुख्य अधिवास असलेलं इनाग्वाचं पाइनवन २००७ च्या वणव्यात जळलं, त्यामुळे त्याआधीची प्रत्येक नेमकी नोंद मोलाची आहे.