जुन्या इम्पालाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरी उघडावा का?

शिवडीकर:
वडिलांची १९६५ ची शेव्हरोले इम्पाला, दोन गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. वर्षभर झालं, सकाळी रिव्हर्स टाकला की दहा-बारा सेकंद काहीच होत नाही, मग धाडकन मागे जाते. वरचा गिअर पडताना इंजिन उगाच ओरडतं. गिअरबॉक्सखालचा ऑइलचा पॅन काढला तर ऑइल तपकिरी आणि करपलेलं. माझ्या मते क्लच प्लेटा जळल्या आहेत आणि रबरी सील कडक झाले आहेत.

दोन गॅरेजांत दाखवली. एक म्हणाला, हा काढून हाताने टाकायचा मॅन्युअल गिअरबॉक्स बसवून टाका. दुसऱ्याने न उघडताच खर्चाचा आकडा सांगितला. म्हणून ठरवलंय, घरीच खोलायचा. आमच्या चाळीखाली बंद गाळा आहे, मूळ शॉप मॅन्युअल आहे, सीलचा किट अमेरिकेहून मागवला आहे. पॉवरग्लाइड तसा सरळ आहे: एक बँड (ड्रमभोवती आवळणारा पट्टा), दोन क्लच पॅक (क्लच प्लेटांच्या चवडी), एक प्लॅनेटरी सेट (एकमेकांत फिरणारी दातेरी चाकं). याच कंपनीच्या गाड्या १९२८ पासून १९५४ पर्यंत आमच्या शिवडीत जोडल्या जायच्या. त्याच शहरात आज ‘काढून टाका’ एवढाच सल्ला मिळतो, याचा मला खरंच त्रास होतो. तुमचं मत सांगा.

मुलुंडचा मिस्त्री:
साहेब, नका करू. तीस वर्षं हेच काम करतोय. गेल्या पावसाळ्यात एक ऑटोमॅटिक माझ्याकडे तीन गोण्यांत भरून आला. मालकाने उत्साहात खोलला, फोटो एकही काढला नाही. कुठली वॉशर कुठे होती ते शोधण्यात माझे आठ दिवस गेले.

मॅन्युअल वाचून प्लेटा बदलता येतात, सील बसवता येत नाही. क्लचच्या ड्रममध्ये प्लेटा दाबणारा पिस्टन उतरवताना सीलची कड पातळ पट्टीने आत सरकवत न्यायची असते. कड जरा दुमडली तरी हाताला कळत नाही. गाडी चार दिवस छान चालते आणि पुन्हा तोच आजार. हे हाताच्या सवयीचं काम आहे. शिवाय व्हॉल्व्ह बॉडी, ऑइल कुठे जायचं ते ठरवणारा भाग! पुसायच्या वेस्टचा (सुती धाग्यांचा) एक धागा आत राहिला तरी व्हॉल्व्ह अडकतो.

परळची लेक:
मी शिवडीकरांच्या बाजूने आहे, पण आधी एक विचारते. व्हॅक्यूम मोड्युलेटर, म्हणजे इंजिनच्या ओढीवरून गिअरबॉक्सचं प्रेशर जुळवणारी डबी, तपासला का? त्याचा पडदा फाटला की इंजिन त्यातून गिअरबॉक्सचं ऑइल ओढतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, ऑइल कमी होतं आणि गिअर घसरू लागतात. भाग छोटा, बाहेरूनच बदलता येतो. माझ्या मामांनी त्याच्यापायी अख्खा गिअरबॉक्स उतरवला होता.

शिवडीकर:
ताई, तपासला. नळी काढून पाहिली, आतून कोरडी आहे. धूरही नाही.

काका, सीलचं तुमचं म्हणणं मान्य. म्हणूनच व्हॉल्व्ह बॉडी लावण्याआधी प्रत्येक पिस्टनला कॉम्प्रेसरची हवा देऊन बघणार. पिस्टन ‘धप्प’ करून बसला पाहिजे, नुसती फुसफुस आली तर पुन्हा खोलायचा. वेस्ट तर गाळ्यात शिरूच देणार नाही. आतले भाग जागेवर धरायला ग्रीस नाही, व्हॅसलीन, ते ऑइलमध्ये विरघळतं. नव्या प्लेटा रात्रभर ऑइलमध्ये भिजवणार. इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा टॉर्क कन्व्हर्टर मात्र बाहेर पाठवतोय. तो वेल्ड केलेला असतो, घरी उघडायचा नाहीच.

दुसरा मजला:
तुमच्या हौसेचा आदर आहे, पण चाळ सगळ्यांची आहे. गिअरबॉक्स पन्नास किलोच्या आसपास, त्याखाली तुम्ही आडवे आणि गाडी जॅकवर. आमची मुलं तिथेच खेळतात. आणि काढलेलं ऑइल गटारात गेलं तर? आमच्या इमारतीत एकाने तसं केलं होतं. पहिल्या पावसात ते सगळं अंगणात तरंगत होतं.

शिवडीकर:
गाडी स्टँडवर चढवणार, नुसत्या जॅकवर नाही. गिअरबॉक्स उतरवायला दोन मित्र येतील, तेव्हा मुलांना जरा लांब ठेवा, एवढीच विनंती. ऑइल कॅनमध्ये भरून जुनं ऑइल घेणाऱ्याकडे देणार.

मुलुंडचा मिस्त्री:
तयारी चांगली आहे. तरी माझं मत तेच. आणखी एक ऐका. परत बसवताना कन्व्हर्टर पंपाच्या दातांत पूर्ण गेला पाहिजे. हाताने फिरवत ढकला, तो टप्प्याटप्प्याने आत बसतो. अर्धवट असताना बोल्ट आवळले तर पंप फुटतो, आणि तो इथे कुठे मिळणार? पहिला हात वडिलांच्या गाडीवर नको. कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगारात कुठलाही ऑटोमॅटिक मिळेल. तो दोनदा खोला, दोनदा जोडा, हवा देऊन बघा.

शिवडीकर:
काका, हे पटलं. रविवारी कुर्ल्याला जातो. पण इम्पालाचा खोलणार मीच.

मुलुंडचा मिस्त्री:
मग निदान पिस्टन उतरवताना घाई करू नका. आणि फोटो काढा, प्रत्येक वॉशरचा.