ऑक्टाव्हिया आरएस: दणकट क्लच बसवल्यावर गर्दीत धक्के, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०, सहा गिअरचा, ओल्या (तेलात बुडालेल्या) क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. रीमॅपनंतर (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवल्यावर) टॉर्क मूळ ३५० न्यूटन-मीटरच्या बराच वर गेला आणि क्लच घसरू लागला, म्हणून दणकट क्लच पॅक बसवला, टीसीयूही (गिअरबॉक्स चालवणारा कॉम्प्युटर) ट्यून करून घेतला. एक्स्प्रेसवेवर आता गाडी काय सुंदर खेचते! पण हिंजवडीच्या रांगत्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरला धक्के बसतात, गिअरबॉक्स तापला की जास्तच. आई सोबत असते, तिला कंबरेचा त्रास आहे, त्यामुळे फार जीवाला लागतं.

तेल, फिल्टर नवे. पातळीही तेल ३५ ते ४५ अंशांवर असताना तपासली. बेसिक सेटिंग्ज आणि अ‍ॅडॅप्टेशन (गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला क्लच नव्याने ओळखायला लावणं) पुन्हा करून कुणाचे धक्के थांबले का? की ट्यूनमध्ये क्लचचा दाबच जास्त ठेवला गेलाय? पुण्यात डीएसजीचा खरा जाणकार कुणी असेल तर कृपया सुचवा.