प्रशिक्षक आर्टेटाच्या आर्सेनलला २०२५-२६ मध्ये लीग मिळेल का?

प्रश्न: इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलमध्ये आर्सेनलचा २०२४-२५ ला सलग तिसऱ्यांदा दुसरा नंबर. आर्टेटाची खरी ताकद कशात आहे, आणि आता काय बदलायला हवं?

उत्तर १: ताकद बचावात. २०२४-२५ मध्ये ३८ सामन्यांत ३४ गोल खाल्ले, लीगमध्ये सगळ्यात कमी. सेंटर-बॅक (मधले बचावपटू) सलिबा-गाब्रिएल खूप पुढे उभे राहतात, चेंडू गेला की तिथेच दाबून परत मिळवतात. कॉर्नरचं श्रेय जोव्हरला, म्हणजे कॉर्नर-फ्रीकिकचे डाव बसवणाऱ्या प्रशिक्षकाला: साका-राइसचा आत वळणारा चेंडू, गोलकीपरच्या वाटेत गर्दी, मागच्या पोस्टकडे धावणारा गाब्रिएल. बघत राहावं असं!

उत्तर २: पण केलेले गोल आदल्या मोसमातल्या ९१ वरून ६९ वर आले, म्हणून १४ बरोबरी. साका आणि हावर्ट्झच्या हॅमस्ट्रिंग (मांडीमागचे स्नायू) गेल्या, जेझुसचा गुडघा गेला, मग मिडफिल्डर मेरिनोला नऊ नंबरवर, म्हणजे स्ट्रायकरच्या जागी, खेळवलं. बदली खेळाडू उशिरा उतरवणं मला पटत नाही.

उत्तर ३: २०२५ च्या उन्हाळ्यात स्ट्रायकर ग्योकेरेस आला, पण त्याला धावायला मोकळी जागा लागते. समोरचे दहा जण खोलात बसले तर ती मिळत नाही. मिडफिल्डर ओडेगार्डने दोन टचमध्येच चेंडू पुढे द्यावा. बाजूला फिरवत बसलं की बचाव सावरतो. आणि २०२४-२५ ची लाल कार्डं! राइस, ट्रोसार्ड, सलिबा बाहेर गेले त्या तीन सामन्यांत नऊपैकी दोनच गुण मिळाले.