छातीचा पट्टा की मनगटावरचा बँड? सगळ्यांना एकच माप लावू नका

मेहरूणकर
काल इथे एका धुळेकर भाऊंनी लिहिलं की मनगटाचा बँड म्हणजे पोरांचं खेळणं. हृदयाचे ठोके मोजायचे तर छातीला पट्टा बांधा, नाहीतर पैसे वाचवा. रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितोच. पट्टा हृदयाचा विद्युत संकेत पकडतो, बँड कातडीत हिरवा उजेड टाकून रक्ताचा चढउतार बघतो. अचूकपणात पट्टा सरस, मान्य. पण माझे वडील ६८ वर्षांचे, पहाटे मेहरूण तलावाला चक्कर मारतात. त्यांना शर्यत जिंकायची नाही. मागच्या हिवाळ्यात बँडवर त्यांचे झोपेतले ठोके ५८ च्या आसपास असायचे ते सलग दोन रात्री ७० च्या वर गेले, तिसऱ्या दिवशी ताप भरला. पट्टा बांधून कोण झोपतं? तो खुंटीलाच टांगलेला राहिला असता.

लळिंगवाला
तो धुळेकर मीच. खेळणं म्हटलं, आजही म्हणतो. नकाणे तलावाच्या रस्त्याला आरामात पळत होतो, बँडवर १७२. घाबरून बसलो. दुसऱ्या दिवशी दोन्ही बांधून तसाच पळालो: पट्ट्यावर १३८, बँडवर पुन्हा १७०. बँड माझी पावलं ठोके म्हणून मोजत होता. मी काय खोटं सांगस का भाऊ? पोलार कंपनीने १९८२ मध्ये ठोके मोजायचं बिनतारी यंत्र आणलं तेही छातीवरच.

पाचोऱ्याची ताई
पट्टा बांधा म्हणणारे सगळे पुरुषच कसे? मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, पट्ट्याखाली घामोळं येऊन कातडी सोलते. कोरडा बांधला की सुरुवातीला आकडे उड्या मारतात, म्हणून आधी ओला करायचा. रस्त्यावर साडीत चालणारी बाई तो कुठे जाऊन ओला करणार, कुठे बांधणार? मी महिनाभर वापरून ठेवून दिला.

लळिंगवाला
ताई, घरूनच ओला करून बांधून निघायचं.

पाचोऱ्याची ताई
दादा, घरी सासूबाई, दीर, एकच न्हाणीघर. तुम्ही घरून बांधा.

रावेरकर
शेतातल्या माणसाचं कोणी बोलेल का? कापणीच्या दिवशी टोळीतल्या पोराला माझा बँड बांधला. दिवसभर खांद्यावर केळीचा घड, बागेतून गाडीपर्यंत खेपा. हात घडाला धरलेला, झुलतच नाही. संध्याकाळी पावलं २,१००! आई कापूस वेचायला गेली त्या दिवशी ती जागच्या जागी सरकत होती, हात मात्र सारखे चालू: ११,०००. मग कोणाचे कष्ट जास्त? आणि ते रोजच्या १०,००० पावलांचं लक्ष्य कुठून आलं, तर १९६५ च्या जपानी यंत्राच्या नावातून. मानपो-केई, दहा हजार पावलं मोजणारं. त्यापायी आमच्या गड्याने स्वतःला आळशी समजायचं का?

मेहरूणकर
विषय ठोक्यांचा आहे, केळीचा नाही.

रावेरकर
तुमच्या वडिलांची चक्कर म्हणजे विषय, आणि आमचा घड म्हणजे फाटा? पहाटे चालायला वेळ असलेल्यांनीच शरीर ठेवायचं का? नवीन बँड घेतलेला प्रत्येक जण मला पावलं विचारतो. बारा तास राबणाऱ्याला कोण विचारतो?

चाळीसगावचे आप्पा
रागावू नका. रावेरकरांचं बरोबर आहे, हात झुलला नाही की बँड आंधळा. पण पट्टेवाल्यांनाही विचारतो, आकडा मिळाला, पुढे काय? सगळे २२० वजा वय करतात. माझं वय ६१, म्हणजे १५९. मी रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेतो, ते ठोके दाबून ठेवतं. १२० लाच धाप लागते. १५९ च्या मागे लागलो असतो तर आडवा झालो असतो. डॉक्टरांनी सांगितलं, चालताना सलग बोलता आलं पाहिजे, तेच माप. आणि उन्हाळ्यात त्याच वेगाला ठोके वर जातात, रक्त कातडी गार करण्याकडे वळतं, घामाने पाणी कमी होतं. वैशाखातला आकडा पौषातल्या आकड्याशी ताडू नका.

लळिंगवाला
आप्पा, गोळीचं ध्यानात नव्हतं. झोपेतल्या ठोक्यांपुरता बँड चालेल, एवढंच मानतो. पळताना नाही म्हणजे नाही. रावेरकर, पोराला पट्टा बांधून बघा. घड उचलताना ठोके किती चढतात ते तो दाखवेल.

रावेरकर
बांधेन. पण घामाने भिजलेल्या पोराच्या छातीला आधीच घडाचा चीक लागलेला असतो, त्यावर पट्टा किती दिवस टिकेल ते आधी सांगा.

लळिंगवाला
पट्टा सुटा करून रोज धुवायचा, यंत्र काढून. माझा जुना पडून आहे, बसने पाठवतो. बॅटरी तेवढी नवीन टाका, नाण्यासारखी चपटी असते.

पाचोऱ्याची ताई
आणि वेचणीवालीला?