गाणी वाजवणं बंद केल्याशिवाय गिटार पुढे सरकत नाही (चर्चा)

सहावी तार
जरा टोचेल, पण मांडतोच. नोकरी-संसार सांभाळून तिशी-चाळिशीत गिटार हातात घेणाऱ्यांची गाडी बहुतेक एकाच ठिकाणी अडते. ओपन कॉर्ड (काही तारा मोकळ्या ठेवून धरायचे सोपे स्वरमेळ) येतात, एफ आणि बी मायनर हे अवघड कॉर्ड कसेबसे वाजतात, केपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला की बरीचशी हिंदी गाणी निघतात. पुढे वर्षानुवर्षं तेच. कारण विचारा, उत्तर ठरलेलं: वेळ कुठे मिळतो? मला हे पटत नाही. रोज नेमाने अर्धा तास बसणारेही अडकलेत, कारण त्या अर्ध्या तासात ते जे येतं तेच वाजवतात. त्याला रियाज म्हणत नाहीत.

खरं-खोटं करायचं तर जी आणि सी हे दोनच कॉर्ड घ्या, चार-चार मात्रांनी बदला, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. चौथी मात्रा आखूड निघेल. सी पकडायची घाई म्हणून बोटं आधीच तार सोडतात. वाजवताना हे कळत नाही, कारण आपण सोबत गुणगुणत असतो आणि ती फट गळा बुजवतो. म्हणून म्हणतो, तीन महिने गाणी पूर्ण बंद. फक्त कॉर्डबदल, मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टकटक करणारं यंत्र) आणि बोटांचे व्यायाम.

रात्रपाळी
तीन महिने गाणी बंद म्हणजे चौथ्या महिन्यात गिटार माळ्यावर! अहो, मुलं झोपल्यावर, दार लोटून, हळू आवाजात वाजवणारी माणसं आम्ही. दिवसभर ऑफिसात टार्गेट, घरी येऊन पुन्हा मेट्रोनोमचं टार्गेट? ट्रिनिटीच्या संगीतपरीक्षेची आठवी ग्रेड कुणाला द्यायचीय इथे? मला माझ्या पट्टीत चार गाणी नीट म्हणता आली की झालं. अडकलोय असं मला वाटतच नाही, तुम्हालाच आमच्या वतीने वाटतंय.

सहावी तार
@रात्रपाळी, ‘नीट’ म्हणता आली म्हणालात ना, वाद त्या ‘नीट’चाच आहे. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिकसन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात भर होता तो चुकणारी जागा हेरून तेवढीच घासण्यावर. मजेखातर वाजवणं त्यांनी वेगळं मोजलं होतं.

रात्रपाळी
ते विशीच्या आसपासचे विद्यार्थी होते, डोक्यावर गुरू होते आणि पोट त्याच वाद्यावर चालणार होतं. त्यांची फूटपट्टी होमलोनवाल्याला कशी लावता? त्याच अभ्यासाचं लोकांनी पुढे ‘१०,००० तास घासलं की कुणीही उस्ताद’ करून टाकलं, तेव्हा एरिकसन यांनीच हरकत घेतली होती.

ठेका
मी तबल्याकडून गिटारकडे आलो, म्हणून दोघांनाही थोडं बोलतो. सहावी तार, चौथ्या मात्रेचं निदान अर्धवट आहे. शेवटच्या अपस्ट्रोकला (खालून वर मारलेल्या हाताला) बोटं सुटून उघड्या तारा वाजणं मुरलेल्या वादकांकडेही चालतं, कानाला खटकत नाही. खटकतं ते पुढच्या समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) उशिरा पोचणं. तेव्हा तार लवकर सोडली तरी चालेल, सम चुकवू नका.

आणि रात्रपाळी, तुमची चारही गाणी डाऊन-डाऊन-अप-अप-डाऊन-अप (हात खाली-वर मारण्याच्या) याच पॅटर्नवर असणार, पैज लावतो. दादऱ्यातल्या (सहा मात्रांच्या तालातल्या) गाण्यालाही लोक तोच पॅटर्न चोपतात आणि मग म्हणतात, गाणं ओरिजिनलसारखं का वाटत नाही! तबल्यात कायदा (बोलांची ठरावीक रचना) आधी ठाय म्हणजे संथ लयीत, मग दुगुनीत म्हणजे दुप्पट वेगात वाजवतात, यात कुणाला शिक्षा वाटत नाही. गिटारवाल्यांनाच मेट्रोनोमचं भय. गाण्याची लय मिनिटाला ८० मात्रा असेल तर मेट्रोनोम ४० वर लावा, त्याची टकटक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतेय असं धरा आणि तेच गाणं वाजवा. पहिल्या कडव्यातच सगळं उघडं पडेल.

जुनी तार
सगळे बोटांना धरून बसलेत, वाद्याकडे कोण बघणार? एफ लागत नाही म्हणून स्वतःला कोसणारे खूप पाहिले. पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या पहिल्या घरात) केपो लावा आणि त्याच्या पुढे एफचाच आकार धरा. एकदम सोपा वाटला, तर नटच्या (मानेच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचा उंच आहेत, तुमच्यात खोट नाही. कारागिराकडून खाचा नीट करून घ्या. अकूस्टिकवर १२ नंबरच्या जाड तारा असतील तर ११ किंवा १० च्या, म्हणजे बारीक, लावा. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, ॲक्शन (तारांची मानेपासूनची उंची) चढते, आणि लोकांना वाटतं आपला हात बिघडला.

बी मायनर
जुनी तार दादा, एफपुरतं मान्य. पण वाद्य झक्क सेट करूनही अडकलेले माझ्या ओळखीत आहेत, मी त्यातलीच एक. माझ्या मते कुलूप कानाला असतं. आपण सगळे टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते आकड्यांत लिहिलेलं) बघून शिकलो: पाचवी तार, तिसरा फ्रेट, दाब. तो सा आहे की प, पत्ताच नसतो. ज्यांनी लहानपणी पेटीवर पलटे (स्वरांचे सरावक्रम) घोटलेत त्यांनी तेच एका तारेवर, एका बोटाने वाजवून बघावेत. स्वर कुठे राहतात ते हाताला कळायला लागतं. पेंटाटॉनिकचा (पाच स्वरांच्या स्केलचा) पहिला ठरावीक बॉक्स वर-खाली करून हे होत नाही, त्याने फक्त बोटं पळतात.

तार ओढून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) काढणाऱ्यांनी आधी जिथे पोचायचं तो स्वर सरळ फ्रेटवर वाजवावा, कानात ठेवावा, मग खालच्या स्वरावरून तार ओढावी. बहुतेकांची ओढ तिथवर पोचतच नाही आणि स्वर उतरलेला लागतो.

आणि ‘हळूहळू वेग वाढवा’ हा मंत्रही मला अर्धाच पटतो. हळू वाजवताना बोट तारेपासून कितीही वर गेलं तरी खपतं, जलद वाजवताना नाही. म्हणून दोनच मात्रांचा तुकडा थेट पूर्ण वेगात वाजवायचा, थांबायचं, हात सैल सोडायचा, पुन्हा.

सहावी तार
सुरुवातीलाच पूर्ण वेग? चूकच हातात बसेल ना. हे मला मान्य नाही. कानाचं मात्र पटलं, ते मूळ धाग्यात यायला हवं होतं. गाणी बंद यावर मी ठाम आहे. फार तर रविवारची सूट.

रात्रपाळी
रविवार तुम्हालाच लखलाभ. ठेकासाहेब पैज जिंकले, चारही गाणी त्याच पॅटर्नवर निघाली, पैकी एक चक्क दादऱ्यातलं. गाणं सोडणार नाही, पण त्याचं स्ट्रमिंग बदलायची तयारी आहे. सहा मात्रांत डाऊन कुठे मारायचा तेवढं सांगा.

ठेका
पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर डाऊन. पहिलीला जाड तारा, चौथीला फक्त खालच्या तीन बारीक. चौथीवर जोर देऊ नका, दादऱ्यात तिथे खाली (बिनजोराची मात्रा) असते. मधल्या मात्रांना मनगट नुसतं फिरत राहू दे, तारेला लागलं तर लागलं. आणि चार दिवस गाऊ नका, नुसतं वाजवा.