मदत हवी आहे: एफएमईच्या लॉगमध्ये पायथनमधून स्वतःच्या ओळी कशा लिहायच्या?

नमस्कार मंडळी,

आम्ही पुण्यात जमिनीच्या नकाशांचं काम करतो. २०२१ मध्ये मनपात आलेल्या २३ गावांपैकी सूस, म्हाळुंगे, पिसोळी अशा काही गावांतल्या गटांच्या हद्दी ऑटोकॅडच्या ड्रॉइंगमधून एफएमईने (नकाशांचा डेटा एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नेणारं सॉफ्टवेअर) वाचायच्या, यूटीएम ४३ उत्तर झोनमध्ये (नकाशाची कोऑर्डिनेट पद्धत) आणायच्या आणि जिओपॅकेजमध्ये (नकाशाच्या डेटाची फाइल) भरायच्या. वर्कस्पेस, म्हणजे एफएमईमधली या कामाची मांडणी, व्यवस्थित चालतं. अडचण गळतीची आहे. हद्दीची पॉलिलाइन (जोडलेली रेषा) बंद नसली किंवा स्वतःलाच छेदत असली की तो गट बाजूच्या पोर्टमधून (नाकारलेल्यांच्या वाटेने) बाहेर पडतो. असे किती गट पडले तो आकडा लॉगमध्ये (कामाच्या नोंदींमध्ये) येतो, पण कोणते पडले ते कळत नाही. ज्याची जमीन नकाशात उमटलीच नाही, त्याला तो आकडा काय कामाचा? मोजणीदाराला फोन लावायचा तर गाव, गट नंबर आणि कारण समोर हवं. गाव तर हवंच, कारण गट ११२ प्रत्येक गावात असू शकतो.

लॉगर हा ट्रान्सफॉर्मर (वर्कस्पेसमधला एक टप्पा) लावून पाहिला. तो फीचरचे (नकाशातल्या एकेका घटकाचे, इथे गटाचे) सगळे अ‍ॅट्रिब्यूट आणि कोऑर्डिनेट ओततो, त्यात हवी ती ओळ शोधणं कठीण. पायथनकॉलरमध्ये (पायथनचा कोड चालवणारा ट्रान्सफॉर्मर) प्रिंट लिहिलं तर वर्कबेंचच्या, म्हणजे एफएमईच्या मुख्य प्रोग्रॅमच्या, खिडकीत दिसतं, लॉगच्या फाइलमध्ये मात्र नाही. आमचं काम रात्री आपोआप चालतं, सकाळी हातात असते ती फाइलच.

मला एवढीच ओळ हवी आहे: पिसोळी | गट ११२ | हद्द उघडी. ती फाइलमध्ये कशी जाईल? एरर म्हणून लिहिली तर काम मध्येच थांबेल का? आणि शेवटी गावनिहाय बेरीज कुठे लिहू?

प्रतिसाद:

प्रिंट काढून टाका. एफएमईऑब्जेक्ट्स मॉड्यूलमध्ये एफएमईलॉगफाइल नावाचा क्लास आहे. पायथनकॉलरच्या क्लासमध्ये इनिटला, म्हणजे सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागात, त्याचा एक ऑब्जेक्ट बनवून ठेवा आणि इनपुटमध्ये, म्हणजे जिथे एकेक फीचर हाती येतं तिथे, त्याचं लॉगमेसेजस्ट्रिंग बोलवा. त्याला दोन गोष्टी द्यायच्या: मजकूर आणि सिव्हिरिटी (ओळ किती गंभीर ते). ही ओळ खिडकीतही दिसते आणि फाइलमध्येही जाते.

सिव्हिरिटी तुमच्यासाठी वॉर्न (इशारा) ठेवा. इन्फॉर्म (साधी माहिती) ठेवलंत तर ओळ एफएमईच्या स्वतःच्या शेकडो ओळींत हरवेल. एरर लिहिल्याने काम थांबत नाही, फक्त ओळीवर तसा शिक्का बसतो. खरंच थांबवायचं असेल तर टर्मिनेटर (काम थांबवणारा ट्रान्सफॉर्मर) लावा किंवा स्क्रिप्टमधून एक्सेप्शन उठवा. पण एका उघड्या हद्दीपायी अख्ख्या गावाचं काम अडवू नये, असं माझं ठाम मत आहे.

उभी रेघ मात्र वापरू नका. लॉगच्या प्रत्येक ओळीत वेळ, सीपीयूचे सेकंद, सिव्हिरिटी आणि मजकूर हे रकाने उभ्या रेघेनेच वेगळे केलेले असतात. उद्या फाइल एक्सेलमध्ये उघडून रकाने पाडलेत की तुमचा मजकूर फुटेल. स्वल्पविराम टाका आणि ओळीच्या सुरुवातीला एक ठरलेला शब्द ठेवा, उदाहरणार्थ 'गटगळती'. सकाळी तेवढा शब्द शोधला की झालं.

आणखी एक. ड्रॉइंगमध्ये गट नंबरच नसेल तर गेटअ‍ॅट्रिब्यूट (फीचरमधली माहिती काढणारी आज्ञा) नन, म्हणजे 'काहीच नाही', परत देतं. नन थेट मजकुराला जोडायला गेलात तर स्क्रिप्ट पडते आणि कामही पडतं. म्हणून आधी तपासा आणि 'गट नाही' असं लिहा. अशा ओळी सर्वांत महत्त्वाच्या, कारण तो तुकडा शोधायला दुसरा धागाच उरत नाही. त्यांच्यासोबत हद्दीच्या मध्याचे कोऑर्डिनेट जरूर द्या.

बेरजेसाठी इनिटमध्ये रिकामी डिक्शनरी (नाव आणि आकडा अशा जोड्यांची यादी) घ्या, इनपुटमध्ये गावापुढे एक वाढवत जा आणि क्लोजमध्ये सगळी लिहा. क्लोज शेवटचं फीचर येऊन गेल्यावर चालतं.

मूळ प्रश्नकर्ता:

मनापासून आभार! वॉर्नच्या ओळी फाइलमध्ये आल्या, गावासकट. 'गट नाही' हे तर डोक्यातही नव्हतं, पिसोळीच्या ड्रॉइंगमध्ये तसे तुकडे निघाले. आता एवढंच सांगा, काम मध्येच पडलं तर मेल जावा असं वाटतं. तेही पायथनकॉलरमध्येच टाकू का?

प्रतिसाद:

नाही, ते वर्कस्पेसच्या शटडाऊन पायथन स्क्रिप्टमध्ये टाका. काम यशस्वी होवो वा पडो, ती चालतेच. तिथे एफएमई मॉड्यूलचं स्टेटस तपासा, पडलं असेल तर फेल्युअरमेसेजमधलं कारण मेलमध्ये घाला. लॉगफाइलनेममधून फाइलचा पत्ता मिळतो, तीही जोडा.